सोळा मार्गिकांची वाटणी

हार्ड डिस्क संगणकातून नाहीशी होऊ शकते का? चोरीला जाऊन नव्हे. पेटीत ती जागच्या जागी आहे, तारा घट्ट जोडलेल्या आहेत, हात लावला तर फिरत असल्याची थरथर जाणवते. आणि तरीही संगणक म्हणतो की अशी कोणतीही वस्तू माझ्याजवळ नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्यावर असा प्रसंग आला. आम्ही नागपुरातील काही विज्ञानशिक्षक शाळांमधील प्रयोगांचे चित्रीकरण करून ठेवतो. सहा वर्षांचे चित्रीकरण दोन हार्ड डिस्कवर साठवलेले होते. हे काम ज्या संगणकावर चालते त्यात इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, एक ग्राफिक्स कार्ड आणि एक वेगवान एसएसडी आहे. जागा कमी पडू लागली, म्हणून आम्ही बर्डीवरून आणखी एक एसएसडी आणली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती वस्तू मदरबोर्डवर एक रिकामी खाच पाहून बसवली, स्क्रू लावला आणि संगणक सुरू केला. नवी एसएसडी दिसली. दोन्ही जुन्या हार्ड डिस्क मात्र गेल्या!

दोन दिवस आम्ही तारा बदलून पाहिल्या, वीजपुरवठा तपासला, आणि एकमेकांना दोषही देऊन झाला. शेवटी वैतागून नवी एसएसडी काढली, तर दोन्ही डिस्क जणू काही झालेच नाही अशा परत आल्या. कारण पुढे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत, एका तक्त्याखाली अगदी बारीक टाइपात सापडले. एम-डॉट-टूच्या दुसऱ्या खाचेत एसएसडी बसवली की साटाची शेवटची दोन दारे बंद होतात, असे तेथे लिहिले होते. आमच्या डिस्क नेमक्या त्याच दोन दारांवर होत्या.

सुटीत शाळेचा संगणक उघडून त्यात काही भर घालण्याचा विचार आपल्यापैकी अनेक जण करत असतील. ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी या दोन्ही वस्तू आता शाळांच्या आवाक्यात आल्या आहेत. पण मदरबोर्डवर रिकामी खाच दिसली म्हणजे तिच्यामागे स्वतंत्र वाट असेलच असे नाही. हे प्रकरण काय आहे ते जरा मुळापासून पाहू.

वाड्यातला नळ आणि घरोघरचा नळ

संगणकात अधिकची कार्डे बसवण्यासाठी १९९२ साली पीसीआय नावाची पद्धत आली. पांढऱ्या रंगाच्या त्या खाचा जुन्या संगणकांत आपण पाहिल्या असतील. त्या सर्व खाचा ३२ तारांच्या एकाच सामायिक मार्गाला जोडलेल्या असत. घड्याळ सेकंदाला ३.३ कोटी ठोके देई आणि दर ठोक्याला ४ बाइट सरकत. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट होतात. ही क्षमता एका कार्डासाठी नव्हती, सर्वांसाठी मिळून होती. जुन्या वाड्यात चौकातला एकच नळ दहा बिऱ्हाडांना पुरवावा लागे, त्यातला प्रकार. एकाची बादली भरत असताना बाकीचे ताटकळत उभे.

चित्रे दाखवणाऱ्या कार्डाची तहान वाढत गेली, तेव्हा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला एजीपी नावाचा स्वतंत्र नळ दिला गेला. पुढे २००३ साली पीसीआय एक्सप्रेसचे मानक प्रसिद्ध झाले आणि सामायिक नळाची कल्पनाच मोडीत निघाली. या मानकाच्या घडणीत इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. यूएसबीच्या निर्मितीतही त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते विद्यार्थी. सयाजीरावांचे बडोदे आपल्याला परके नाही, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःची मार्गिका मिळते. मार्गिका म्हणजे फक्त चार तारा: दोन जाण्यासाठी, दोन येण्यासाठी. आता विद्यार्थी विचारतील की एका दिशेला एक तार पुरली असती, दोन कशाला? या जोडीत एका तारेवर विद्युतदाब चढतो तेव्हा दुसऱ्या तारेवर तो उतरतो, आणि समोरचे उपकरण दोन्हींतला फरक वाचते. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडत असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. वजाबाकीचा इतका सुंदर उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच दिसतो. याच युक्तीमुळे एका मार्गिकेवरून सेकंदाला अब्जावधी बिट धाडता येतात.

वेग पिढीगणिक दुप्पट होत गेला. पहिल्या पिढीत मार्गिकेचा वेग सेकंदाला २.५ अब्ज बिट होता, दुसरीत ५, तिसरीत ८, चौथीत १६ आणि पाचवीत ३२ अब्ज. येथे एक गंमत आहे. ५ चे दुप्पट १०, मग तिसऱ्या पिढीत ८च कसे? पहिल्या दोन पिढ्यांत दर ८ बिट माहितीसाठी १० बिट पाठवावे लागत. जादा बिटांमुळे समोरच्याला घड्याळ जुळवता येई. म्हणजे पाचवा हिस्सा वाहतूकखर्चातच गेला. तिसऱ्या पिढीपासून १२८ बिटांसाठी १३० बिट पाठवतात. ५ अब्जांतून उपयोगी माहिती निघते सेकंदाला ५०० मेगाबाइट. ८ अब्जांतून सुमारे ९८५. जवळजवळ दुप्पट! आठवी-नववीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्यावे, शेकडेवारीचा चांगला सराव होतो.

म्हणजे तिसऱ्या पिढीची एक मार्गिका सेकंदाला जेमतेम १ गिगाबाइट वाहते. ४ मार्गिकांची एसएसडी ३.९४ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते, तर १६ मार्गिकांचे ग्राफिक्स कार्ड १५.७५ गिगाबाइटपर्यंत. चौथ्या पिढीत हे आकडे दुप्पट धरावेत. तुलनेसाठी सांगायचे, तर साटाच्या दारावर बसणारी जुनी एसएसडी सेकंदाला सुमारे ०.५५ गिगाबाइटवर थांबते आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क ०.१५ च्या आसपास. १०० गिगाबाइटचे चित्रीकरण वाचायला हार्ड डिस्क ११ मिनिटे घेते, साटाची एसएसडी ३ मिनिटे, आणि तिसऱ्या पिढीची ४ मार्गिकांची एसएसडी अर्धा मिनिट.

मार्गिका येतात कोठून?

प्रोसेसरच्या पोटातून. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला सोनेरी ठिपके असतात, त्यांतले काही या मार्गिकांसाठी राखलेले असतात. आमच्या संगणकातील इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरला १२०० ठिपके आहेत आणि तो मार्गिका देतो फक्त १६. प्रत्येक मार्गिकेच्या चार तारा, त्यांच्याभोवती संरक्षक जोडण्या, शिवाय मदरबोर्डवर सर्वांची लांबी सांभाळून आखणी, हे सर्व पाहता मार्गिका फुकट मिळत नाहीत. एएमडीचे सर्व्हरसाठीचे एपिक प्रोसेसर १२८ मार्गिका देतात. पण त्यांच्या बैठकीला ४०९४ ठिपके असतात आणि किंमतही त्याच प्रमाणात चढलेली असते.

घरगुती प्रोसेसरांत हा हिशेब पुढे थोडा सुधारला. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत एकूण २४ मार्गिका आहेत: १६ ग्राफिक्ससाठी, ४ एका एसएसडीसाठी आणि ४ चिपसेटकडे जाण्यासाठी. इंटेलनेही अकराव्या पिढीपासून १६ च्या जोडीला एसएसडीसाठी ४ मार्गिका दिल्या. आमच्या दहाव्या पिढीला ते भाग्य नव्हते.

मग १६ मार्गिकांच्या मदरबोर्डवर तीन लांब खाचा, दोन-तीन एम-डॉट-टू खाचा आणि सहा साटा दारे कशी काय असतात? उत्तर सरळ आहे. ती सर्व एका वेळी पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी नसतातच. वाटणीच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्ही आमच्या त्या एका संगणकात भेटल्या.

पहिली तऱ्हा आमच्या डिस्क गिळणारी. प्रोसेसरच्या मदतीला चिपसेट नावाची एक चिप असते. हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशी किरकोळ कामे ती पाहते. चिपसेटच्या काही पिना अशा असतात की त्या पीसीआय एक्सप्रेसची मार्गिका म्हणून वापरता येतात किंवा साटाचे दार म्हणून. दोन्ही एकदम नाही. एकच खोली सकाळी बालवाडीला आणि दुपारी शिवणवर्गाला द्यावी तसे हे आहे. आम्ही दुसऱ्या खाचेत एसएसडी बसवताच मदरबोर्डने त्या पिना तिला दिल्या आणि साटाची दोन दारे बंद केली. डिस्कना वीज वेगळ्या तारेने मिळत असल्यामुळे त्या बिचाऱ्या फिरत राहिल्या, पण त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते.

आम्हांला राग आला तो या गोष्टीचा की संगणकाने एक अक्षरही सांगितले नाही. 'अमुक दार बंद केले आहे' एवढी सूचना पडद्यावर दाखवणे काही अवघड नव्हते. असो.

नागपूर ते सेवाग्राम

वाटणीची दुसरी तऱ्हा समजून घेण्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. पाहुणे आले की आपण त्यांना डायमंड क्रॉसिंगची गोष्ट हटकून सांगतो. पण रेल्वेची खरी अडचण तेथे नाही, ती नागपूर आणि सेवाग्राम यांच्यामधल्या सुमारे ७६ किलोमीटरांत आहे. दिल्लीहून चेन्नईला जाणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस इटारसीकडून नागपुरात येते, सेवाग्रामपर्यंत जाते आणि तेथून बल्लारशाकडे वळते. हावड्याहून मुंबईला जाणारी गीतांजली एक्सप्रेस गोंदियाकडून नागपुरात येते आणि सेवाग्राम-वर्धा करीत भुसावळकडे जाते. देशाच्या दोन मोठ्या वाटा या टप्प्यात एकच होतात. नागपूरला चारही दिशांनी रूळ येत असले, तरी या टप्प्यात मिळून जेवढ्या गाड्या मावतील तेवढ्याच जाणार. तिसरा आणि चौथा मार्ग टाकण्याचे काम रेल्वेने हाती घेतले ते यासाठीच.

आमच्या मदरबोर्डच्या चिपसेटमधून २४ मार्गिका बाहेर निघू शकतात. पण चिपसेट आणि प्रोसेसर यांना जोडणारा दुवा फक्त ४ मार्गिकांचा, तिसऱ्या पिढीच्या वेगाचा. म्हणजे ३.९४ गिगाबाइट. आमच्या दोन्ही एसएसडी, दोन्ही हार्ड डिस्क, नेटवर्क आणि यूएसबी या सर्वांच्या गाड्या या एका नागपूर-सेवाग्राम टप्प्यावरून जातात. एकेक एसएसडी सेकंदाला साडेतीन गिगाबाइट वाचू शकते असे तिच्या डब्यावर लिहिले आहे आणि ते खरेही आहे. पण दोन्ही एकदम वाचायला लागल्या तर सात कोठून येणार?

येथे आमची एक चूक कबूल करतो. दोन्ही एसएसडी चिपसेटच्या मागे आहेत असे कळल्यावर आमच्यातल्या एकाने ठामपणे सांगितले की एकीवरून दुसरीवर नक्कल करताना वेग निम्मा होणार. आम्हां सर्वांना ते पटले. करून पाहिले तर तसे काही झाले नाही! विचार केल्यावर उलगडा झाला. नक्कल करताना पहिल्या एसएसडीची माहिती चिपसेटकडून प्रोसेसरकडे, म्हणजे वर जाते. आणि तेथून दुसरीकडे खाली येते. प्रत्येक मार्गिकेत जाण्याच्या आणि येण्याच्या तारा वेगळ्या आहेत हे आपण वर पाहिलेच. रेल्वेच्या भाषेत, एक गाडी अप लाइनवर आणि दुसरी डाउनवर. त्यांची टक्कर होण्याचे कारण नाही. खोळंबा होतो तो दोन्ही एसएसडी एकाच वेळी वाचायला घेतल्या तर, कारण तेव्हा दोन्ही गाड्या एकाच दिशेच्या असतात. तसे करून पाहिले, आणि दोन्हींचा मिळून वेग साडेतीन गिगाबाइटच्या आसपासच अडला.

नव्या मदरबोर्डांत हा दुवा रुंद झाला आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर आलेल्या वरच्या दर्जाच्या चिपसेटमध्ये तो चौथ्या पिढीच्या ८ मार्गिकांचा आहे, म्हणजे आमच्या चौपट. त्याच पिढीच्या स्वस्त चिपसेटमध्ये मात्र ४ मार्गिकांचा. दुकानात किंमत विचारताना हा फरक सहसा कोणी सांगत नाही.

भावांमधली वाटणी

तिसरी तऱ्हा ग्राफिक्स कार्डाला झळ लावणारी. आम्हांला हार्ड डिस्क परत हव्या होत्या आणि नवी एसएसडीही हवी होती. दुकानात एक साधे, स्वस्त जोडकार्ड मिळते. त्यावर एसएसडी बसवायची आणि ते कार्ड मदरबोर्डच्या दुसऱ्या लांब खाचेत लावायचे. आम्ही तसे केले. साटाची दारे उघडली, डिस्क परत आल्या, एसएसडीही दिसू लागली. शिवाय ती आता चिपसेटमागे नव्हती, थेट प्रोसेसरशी बोलत होती. सर्व प्रश्न सुटले असे वाटले.

पण प्रोसेसरकडे मार्गिका १६च. आतापर्यंत सर्व १६ पहिल्या खाचेतील ग्राफिक्स कार्डाकडे होत्या. दुसऱ्या लांब खाचेत काही बसले आहे हे कळताच मदरबोर्डने सरळ ८-८ अशी वाटणी केली. आमच्या एसएसडीला ८ चा उपयोगच नाही, ती ४ वर चालते. म्हणजे ग्राफिक्स कार्डाने ८ गमावल्या, एसएसडीने ४ वापरल्या आणि ४ वाया गेल्या. शेत दोन भावांत निम्मे-निम्मे वाटले आणि धाकट्याने आपले अर्धे पडीक ठेवले, तरी थोरल्याला ते कसता येत नाही.

हा प्रकार जुन्याच मदरबोर्डांत आहे असे नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या काही महागड्या मदरबोर्डांवर पाचव्या पिढीच्या एसएसडीसाठी खास खाच असते. ती वापरली की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ वर येते आणि ४ मार्गिका रिकाम्या राहतात, कारण त्या प्रोसेसरांना १६ चे फक्त ८ आणि ८ असेच दोन भाग करता येतात.

खाच लांबीने १६ ची दिसते म्हणून फसू नये, हेही येथेच सांगून टाकतो. अनेक मदरबोर्डांवरील दुसरी किंवा तिसरी लांब खाच आतून ४ मार्गिकांचीच असते आणि तीही चिपसेटमधून आलेली. पीसीआय एक्सप्रेसमध्ये दोन्ही बाजू सुरुवातीलाच आपसांत ठरवतात की किती मार्गिकांवर आणि कोणत्या पिढीच्या वेगाने बोलायचे. १६ चे कार्ड ४ वर बसवले तरी ते चालते. हा मानकाचा मोठा गुण. आणि कमी मार्गिकांवर चालले आहे हे कळत नाही, हा त्याचाच दोष.

नुकसान किती?

ग्राफिक्स कार्डाच्या अर्ध्या मार्गिका गेल्या, म्हणजे अर्धे काम गेले का? एकच चित्रफीत आम्ही आधी १६ मार्गिकांवर आणि मग ८ वर तयार करून घड्याळ लावून पाहिली. फरक काही सेकंदांचा निघाला, आणि तोही कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या. थोडक्यात, फरक नाही. कारण उघड आहे. कॅमेऱ्याची चित्रफीत सेकंदाला १२-१५ मेगाबाइटची. आठ मार्गिकांची वाट ८ हजार मेगाबाइटची. रिकाम्या महामार्गाचे काही पदर बंद केले तर एकट्या सायकलस्वाराला काय त्याचे?

दुसरे उदाहरण घेऊ. शाळेत पानांची किंवा पक्ष्यांची छायाचित्रे ओळखणारा एखादा संगणकीय नमुना चालवायचा आहे आणि तो ८ गिगाबाइटचा आहे असे समजू. एसएसडीवरून ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत तो नेताना कार्डाची वाट १६ मार्गिकांची असेल तर अर्धा सेकंद पुरेल, ८ मार्गिकांची असेल तर एक सेकंद. पण एसएसडीच तो साडेतीन गिगाबाइटच्या वेगाने वाचणार, म्हणजे दोन सेकंदांहून अधिक लागणारच. अडवणूक एसएसडीची आहे, कार्डाच्या वाटेची नाही. आणि एकदा नमुना कार्डाच्या स्मृतीत पोहोचला की पुढचे काम आतल्या आत चालते.

मग मार्गिका कमी असणे बाधते कधी? कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडते तेव्हा. याचे बोलके उदाहरण म्हणजे एएमडीने जानेवारी २०२२ मध्ये आणलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड. त्याला मार्गिका ४च आणि स्मृती ४ गिगाबाइट. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते बरे चाले. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर बसवले की त्याच ४ मार्गिकांचा वेग निम्मा होई. ज्या खेळांना ४ गिगाबाइटहून अधिक स्मृती लागे, त्यांत कार्ड पुन्हापुन्हा संगणकाच्या मुख्य स्मृतीकडे धाव घेई आणि चित्र अडखळू लागे. स्वस्त कार्ड सहसा जुन्या संगणकातच बसवले जाते, म्हणून ही गोष्ट शाळांनी ध्यानात ठेवावी. कार्ड घेताना मार्गिकांपेक्षा कार्डावरच्या स्मृतीकडे आधी पाहावे, असे आमचे मत आहे.

पुण्याचे परम

मोठ्या संगणकांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए-१०० नावाच्या पेट्या जोडून तो उभारला आहे. अशा एका पेटीत ८ ग्राफिक्स प्रोसेसर असतात, प्रत्येकाला १६ मार्गिका, म्हणजे १२८ झाल्या. शिवाय एका पेटीला दुसऱ्या पेटीशी जोडणारी नेटवर्क कार्डे आणि वेगवान एसएसडी. आत एएमडीचे दोन एपिक प्रोसेसर असतात. आपसांत बोलण्यासाठी लागणाऱ्या मार्गिका वजा केल्या तर त्यांच्याकडे देण्यासाठी उरतात १२८ ते १६०. हिशेब जमत नाही.

येथे मार्गिकांचे तुकडे न पाडता मध्ये स्विच बसवतात. स्विचच्या वर प्रोसेसरकडे जाणाऱ्या १६ मार्गिका, आणि खाली ग्राफिक्स, नेटवर्क यांना प्रत्येकी पूर्ण १६. ज्याला जेव्हा गरज असेल तेव्हा तो वरची पूर्ण वाट वापरतो, गरज नसेल तेव्हा दुसऱ्याला मिळते. आमच्या संगणकातल्यासारखे ४ पडीक राहत नाहीत. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. स्विचखालची दोन उपकरणे प्रोसेसरपर्यंत न जाता परस्पर बोलू शकतात. इटारसीहून गोंदियाला जाणारी मालगाडी नागपुरातूनच वळते, ती सेवाग्रामच्या गर्दीत पाऊलही टाकत नाही, तसेच हे. आपल्या मदरबोर्डांवर असे स्विच का नाहीत? कारण ते महाग आहेत. साध्या संगणकासाठी तेवढ्या पैशात वरच्या दर्जाचा प्रोसेसर येईल.

सी-डॅकचे नाव आले म्हणून थोडे मागे जाऊ. १९९१ साली तेथे परम ८००० तयार झाला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चारच दुवे असत. कोणाचा दुवा कोणाला जोडायचा यावर गणित किती लवकर सुटणार हे अवलंबून असे. चार हातांनी किती जणांचे हात धरणार? त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातले. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६५ साली पदवीधर झाले, आणि पुढचे शिक्षण त्यांनी बडोद्याच्या त्याच सयाजीराव विद्यापीठात घेतले.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

आपल्या संगणकात काय चालले आहे हे पाहणे अवघड नाही. विंडोजवर जीपीयू-झेड हे विनामूल्य साधन ग्राफिक्स कार्ड किती मार्गिकांवर आणि कोणत्या पिढीच्या वेगाने चालले आहे ते दाखवते. येथे एक सावधगिरी बाळगावी. कार्ड रिकामे बसले असेल तर वीज वाचवण्यासाठी ते पहिल्या पिढीच्या वेगावर उतरते, आणि ते पाहून धडकी भरते. काही काम लावून मग आकडा पाहावा. मार्गिकांची संख्या १६ ऐवजी ८ दिसली तर दुसऱ्या खाचेत काय आहे ते तपासावे. ८ ऐवजी १ किंवा २ दिसली तर बहुधा कार्ड नीट बसलेले नाही किंवा त्याच्या सोनेरी दातांवर धूळ आहे.

माहितीपुस्तिका हरवली असेल तर मदरबोर्डवर छापलेला नमुना-क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ती उतरवता येते. तिच्यातला खाचांचा तक्ता आणि त्याखालच्या बारीक टिपा एसएसडी घेण्याआधी वाचाव्यात, नंतर नव्हे. आम्ही आता त्या तक्त्याची मराठी नक्कल हाताने लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे: कोणती खाच वापरली की कोणते दार बंद होते, एवढेच.

वर्गात हे दाखवायचे असेल तर आमचा एक खेळ करून पाहा. दहा मुले 'साठवण', दहा मुले 'प्रोसेसर', आणि मध्ये बाकांच्या दोन अरुंद वाटा, एक जाण्याची आणि एक येण्याची. चिंचोके पोहोचवायचे. आधी सगळे एकाच दिशेला, मग निम्मे जाणारे आणि निम्मे येणारे, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावायचे. नक्कल करताना वेग का निम्मा होत नाही हे मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळते.

शेवटी आमच्या संगणकाची गोष्ट. जोडकार्ड आम्ही तसेच ठेवले. ग्राफिक्स कार्ड ८ मार्गिकांवर चालते आहे, डिस्क चालू आहेत. पण मे महिन्यात दुपारी नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा जोडकार्डावरची एसएसडी अधूनमधून मंद होऊ लागली. या वेळी मार्गिकांचा दोष नव्हता. दुसरी लांब खाच ग्राफिक्स कार्डाच्या थेट खाली आहे आणि कार्डाची गरम हवा नेमकी एसएसडीवर येते. फार तापली की एसएसडी स्वतःहून वेग कमी करते. तिच्यावर ॲल्युमिनिअमची पन्हाळी पट्टी बसवली आणि पेटीला समोरून एक पंखा जोडला. त्या पंख्यासाठी मदरबोर्डवर जागा शोधताना मात्र आम्ही आधी तक्ता वाचला.